धूर म्हणजे न जळलेलं जळण

श्रावणात गावी गेले की पहिल्या सकाळी जाग येते ती धुराने. आमचं गाव पाटण खोऱ्यात, सह्याद्रीच्या कुशीत. पाऊस लागला की चार-चार दिवस उघडीप नसते. आत्या चुलीपुढे उकिडवी बसलेली, फुंकणी तोंडाला, डोळ्यांतून पाणी, आणि चुलीत दोन जाड लाकडं नुसती सुंसुं करत पडलेली. लाकडाचं जे टोक चुलीबाहेर असतं, तिथे कापाच्या तोंडाशी बारीक पांढरा फेस जमतो, बुडबुडे फुटतात, कधी थेंब गळून राखेत पडतो.

तो फेस नीट बघावा. चुलीच्या धुरामागचं बरंचसं कारण त्या फेसात आहे.

गेली काही वर्षं मी हा विषय मिळेल तिथून समजून घेते आहे. कारण एवढंच की आत्याची चूल काही सुटणार नाही. घरात गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी, भाकरी, जनावरांची आंबवणं आणि सणावाराचा मोठा स्वयंपाक चुलीवरच होतो. तिच्यासारख्या लाखो घरांत हेच आहे. मग चुलीत काय घालावं, काय घालू नये, हे तरी नीट कळायला हवं. आपल्याकडे याबद्दल बोलताना गाडी लगेच ‘कुठलं झाड चांगलं’ यावर जाते. झाडाचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न पाण्याचा.

लाकूड जळतं म्हणजे नेमकं काय होतं? एक मेणबत्ती पेटवा, थोडा वेळ जळू द्या आणि फुंकून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची दोरी वर जाते. पेटती काडी वातीला न लावता त्या दोरीला लावा. ज्योत धुरावरून उडी मारून खाली वातीवर येते. म्हणजे तो पांढरा धूर हे जळणच होतं, वायूच्या रूपातलं. लाकडाचंही तसंच आहे. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी उडतं, साधारण १०० अंश सेल्सिअसला. पाणी आहे तोवर तो भाग त्यापुढे फारसा तापतच नाही. मग २०० ते ३०० अंशांच्या आसपास लाकूड आतून मोडायला लागतं आणि त्यातून जळाऊ वायू सुटतात. आपल्याला दिसणारी ज्वाळा त्या वायूंची. ते नीट पेटायला मात्र ६०० अंशांच्या घरातली उष्णता आणि भरपूर हवा लागते. वायू निघून गेल्यावर जे उरतं तो कोळसा, म्हणजे निखारा. तो ज्वाळेशिवाय लाल होऊन जळतो. त्यावर राख चढली की झाला फुफाटा. ‘आगीतून फुफाट्यात’ म्हणणाऱ्यांनी चूल जवळून पाहिली होती हे नक्की, कारण ज्वाळा संपल्यावरही चटका तितकाच असतो.

कोरड्या लाकडाच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग वायू होऊन निघतो आणि लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता त्या वायूंतच असते. ते वायू पेटले तर उष्णता भांड्याला मिळते. न पेटता निसटले तर धूर. आत्याच्या डोळ्यांत जाणारा, भिंती काळ्या करणारा, कौलांतून बाहेर पडणारा धूर म्हणजे तिनेच डोक्यावरून वाहून आणलेलं, न जळलेलं जळण आहे.

आता फेसाकडे परत येऊ. नुकत्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. दहा किलो ओलं लाकूड आणलं तर पाच किलो लाकूड आणि पाच लिटर पाणी आणलं. ते पाच लिटर पाणी उकळवून वाफ करायला साधारण ३,००० किलोकॅलरी उष्णता जाते. त्या पाच किलो कोरड्या लाकडात वीस-बावीस हजार किलोकॅलरी असतात. म्हणजे पाण्याने सातवा हिस्सा खाल्ला. एवढाच तोटा असता तर सोसता आला असता. खरं नुकसान पुढे आहे. वाफ सतत निघत असल्यामुळे चूल थंड राहते, वायू पेटण्याइतकी तापतच नाही, आणि बरंचसं जळण धूर होऊन जातं. ‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’ ही म्हण माणसांच्या बाबतीत खरी असेल, चुलीत मात्र त्याच्या उलट घडतं. दोन सुक्या काटक्यांमध्ये एक ओलं लाकूड सारलं की सुक्यांची सगळी आच त्या ओल्याला वाळवण्यात जाते.

म्हणून विकत घेताना पहिला हिशेब हा. वखारीत लाकूड किलोवर मिळत असेल तर ओल्या लाकडात तुम्ही पाण्याचे पैसे मोजता. नीट वाळलेल्या लाकडातही १५ ते २० टक्के पाणी राहतंच, कारण हवेतला दमट ओलावा लाकूड धरून ठेवतं. त्याहून खाली उन्हात सहसा जात नाही, आणि जायची गरजही नाही. वीस टक्के ही चांगली खूण आहे. इंग्लंडमध्ये तर ती कायद्यात आली. १ मे २०२१ पासून तिथे दोन घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं असेल तर त्यात २० टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नाही, आणि घरगुती शेकोटीसाठी पिशव्यांमधून विकला जाणारा दगडी कोळसाही त्याच दिवशी बंद झाला. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांच्या घरी लोखंडी शेगडी असेल तर त्यांना हा नियम ओळखीचा असेल. ज्या देशाच्या राजधानीने डिसेंबर १९५२ मध्ये कोळशाच्या धुराने पाच दिवस काळोख आणि हजारो मृत्यू पाहिले, तिथे नियम कडक असणं साहजिक आहे.

आपल्याकडे ओलावा मोजायला मीटर नको. हात आणि कान पुरतात. दोन लाकडं एकमेकांवर आपटा. सुकं असेल तर टण् असा आवाज येतो, ओलं असेल तर थप्प. टोकांना मधून बाहेर जाणाऱ्या चिरा पडलेल्या दिसतात, साल नखाने सुटते, हातात घेतलं तर दिसतं त्यापेक्षा हलकं लागतं. आणि चुलीत घातल्यावर सुंसुं झालं तर प्रश्नच मिटला, ते अजून ओलं आहे. तेवढ्यावर ते बाहेर काढून बाजूला उभं करून ठेवावं, रेटून जाळू नये.

वाळवणं हे खरं कौशल्य, आणि त्यात आपल्या बायका पुरुषांपेक्षा कितीतरी हुशार. लाकडातलं पाणी सालीतून फारसं निघत नाही, साल म्हणजे झाडाचं इरलं. पाणी निघतं ते कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून. म्हणून अख्खा ओंडका दोन वर्षं पडवीत ठेवला तरी आतून ओला सापडतो आणि तोच हातभर लांबीचे तुकडे करून उभा फोडला तर एका उन्हाळ्यात वाळतो. पुण्यातल्या जुन्या वाड्यांत आंघोळीच्या बंबासाठी वखारीतून ‘बंबफोड’ यायची. बारीक, आखूड, बंबाच्या नळीत बसेल अशी. लोक ती सोयीसाठी घेत, पण ती लवकर वाळत असे हा फायदा वेगळाच. आमच्याकडे संक्रांतीनंतर लाकूड फोडायला घेतात, वैशाखापर्यंत उन्हात लोळवतात आणि मृगाआधी आत घेतात. यात एक चूक मात्र घरोघर पाहते. बाहेर रचलेल्या ढिगावर ताडपत्री जमिनीपर्यंत ओढून चहूबाजूंनी गुंडाळतात. आतला ओलावा आतच कोंडतो आणि लाकडाला बुरशी धरते. ताडपत्री फक्त डोक्यावर हवी, छपरासारखी. बाजू उघड्या. खाली दोन दगडांवर बांबू टाकून ढीग जमिनीपासून वीतभर उचललेला.

पावसात मग रोजची एक सवय. उद्याचं जळण आज चुलीच्या बाजूला. वैलाशेजारी, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडाशेजारी, पण पेट घेणार नाही इतक्या अंतरावर. चुलीच्या उरलेल्या उबेने रातोरात बराच फरक पडतो.

आता झाडाचा प्रश्न.

इथे मला जे कळलं ते आधी पटलंच नव्हतं. एक किलो नीट वाळलेली बाभूळ आणि एक किलो नीट वाळलेली सावर यांच्यातली उष्णता जवळपास सारखीच असते. फरक आकारमानात. बाभूळ, खैर, धावडा, किनाऱ्यावरचा सुरू ही जड, गच्च लाकडं. एवढ्याशा तुकड्यात खूप जळण, सावकाश जळतात, निखारा टिकतो. सावर, पांगारा, शेवगा ही हलकी, पोकळ लाकडं. भसकन पेटतात आणि बघता बघता राख. म्हणून जळण वजनावर घेत असाल तर कोरडेपणा बघा, गाडीवर किंवा मोळीवर घेत असाल तर जडपणाही बघा. आणि कामानुसार निवडा. वरण शिजवायला, हरभरे उकडायला, चुलाणावर पाणी तापवायला जड लाकूड. सकाळचा चहा टाकायचा असेल तर बाभळीचा जाड ढलपा पेटवत बसण्यात अर्थ नाही, हलक्या काटक्या बऱ्या.

काटक्यांबद्दल थोडं जास्त बोलायचंय, कारण त्यांना कमी लेखलं जातं. विकत लाकूड घ्यायची ऐपत नसलेल्या घरातली बाई रानातून काटक्या, फांद्या, पालापाचोळा गोळा करते. तिला निवड नसते. पण बोटाएवढी सुकी काटकी ही चुलीसाठी उत्तम गोष्ट आहे. तिला चहूबाजूंनी हवा मिळते, ती आतपर्यंत लगेच तापते, तिचे वायू ज्वाळेतच जळतात. मांडीएवढ्या ओंडक्याचं तसं नाही. त्याच्यावर कोळशाचं कवच चढतं, आतला भाग अर्धवट तापून नुसता धुमसत राहतो. काटक्यांची अडचण एकच, कुणीतरी सतत पुढे सारत बसावं लागतं. ते श्रम बाईचे असतात आणि ते कुणी मोजत नाही. मनगटापेक्षा जाड लाकूड स्वयंपाकाच्या चुलीत घालूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि चूल गच्च भरू नये. दोन-तीन लाकडं, त्यांच्यात बोटभर फट, खालची राख काढलेली. राख साठली की खालून येणारी हवा बंद होते आणि मग फुंकणी हातात येते. रोज सकाळी दोन मिनिटं राख ओढली तर दिवसभराचं फुंकणं निम्मं होतं.

काही झाडं मात्र चुलीत नकोतच. कण्हेर सगळ्या अंगाने विषारी, तिचा धूरही घातक. कण्हेरीची छाटलेली फांदी शेकोटीतही टाकू नये, तिच्या काडीवर काही भाजणं तर दूरच. शेराचा चीक डोळ्याला लागला तर आग होते, ते कुंपण तोडून जाळण्याचा मोह नको. बिब्ब्याचं लाकूड रानातली जाणती माणसं हातही लावत नाहीत, अंगावर उततं. काजूच्या बियांची टरफलं कोकणात फुकट पडलेली असतात आणि तेलामुळे झकास पेटतात, पण ते तेल कातडी जाळणारं असतं आणि त्याचा धूर घशाला आणि डोळ्यांना झोंबतो. घरातल्या चुलीत ती नकोत. बांबू विषारी नाही, पण त्याची पेरं बंद असतात. आतली हवा तापून फुगते आणि फटाक्यासारखं पेर फुटतं, निखारे उडतात. जाळायचाच तर आधी उभा चिरून घ्या.

जिल्हा बदलला की जळण बदलतं. विदर्भ-मराठवाड्यात कापूस निघाल्यावर पऱ्हाटीचे ढीग लागतात, तुरीच्या तुराट्या बांधावर उभ्या राहतात. तुराटी सरळ, सुकी, हलकी. तव्याखाली झटकन मोठी आच देते, भाकरी फुगते. पऱ्हाटी जरा जड, लाकडासारखी टिकते. पण तिच्या बाबतीत एक गोष्ट शेतकऱ्याच्या घरात सांगायलाच हवी. झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत बसून राहते आणि पुढच्या हंगामात त्याच ढिगातून पतंग निघून शेतात जातात. वर्षभराचं जळण म्हणून पऱ्हाटी रचणार असाल तर बोंडं आधी तोडून नष्ट करा, आणि पेरणीपूर्वी ढीग संपवा. चुलीच्या जळणाने पीक जायला नको.

कोकणात नारळ. त्याचं सोडण, म्हणजे वरचं काथ्याचं आवरण, स्पंजासारखं पाणी धरतं आणि नीट वाळलं नाही तर दिवसभर धुमसतं. म्हणून ते न्हाणीच्या चुलीला, स्वयंपाकघरात नको. करवंटी याच्या उलट, टणक आणि कोरडी, मोठ्या आचेने जळते आणि तिचा कोळसा उत्कृष्ट होतो. झावळीचा जाळ फक्त पेटवणीपुरता.

आणि शेणी. आमच्याकडे शेणी, पुणे-नगरकडे गोवऱ्या. पावसाआधी रचलेला हुडवा, वरून शेणाने लिंपलेला, पाणी आत न जाऊ देणारा, हा बायकांच्या हातचा स्थापत्याचा नमुनाच आहे. शेणीत किलोमागे साधारण ३,००० किलोकॅलरी, नीट वाळलेल्या लाकडापेक्षा कमी, आणि राख भरपूर. पण तिचा गुण म्हणजे सावकाश, एकसारखी आच. दूध तापत ठेवायला, भरीताचं वांगं किंवा रताळं भाजायला, रात्री विस्तव राखून ठेवायला शेणीसारखं काही नाही. दोष असा की ती मंद जळते म्हणून तिचे वायू सगळे पेटत नाहीत, आणि शिजवलेल्या जेवणामागे धूर बघितला तर शेणी लाकडापेक्षा वाईट. बंद स्वयंपाकघरात तिच्यावर दोन्ही वेळचा स्वयंपाक करू नये, उघड्यावर, अंगणात करावा.

शेणाचा आणखी चांगला उपयोग आहे आणि त्याचा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो. पन्नास किलो ओलं शेण म्हणजे चार-पाच जनावरांचं रोजचं. वाळवलं तर त्याच्या दहा किलो शेणी होतात, म्हणजे ३०,००० किलोकॅलरी. साध्या चुलीत दहातला एक भाग भांड्यात पोचतो. हाती आलं ३,०००. तेच शेण गोबरगॅसच्या टाकीत घातलं तर दिवसाला सुमारे दोन घनमीटर गॅस मिळतो, जवळपास १०,००० किलोकॅलरी. गॅसच्या शेगडीवर निम्मी तरी भांड्यात जाते. हाती आलं ५,०००. दीडपटीहून जास्त आच, धूर नाही, आणि शेण जळून गेलंच नाही, स्लरीच्या, म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ काल्याच्या रूपात शेतात परत आलं. जाळलेल्या शेणीतला नत्र मात्र हवेत जातो. घरात चार जनावरं आणि पाण्याची सोय असेल तर मी कुणालाही पहिला सल्ला हाच देईन.

लाकडाचा भुसा हे आणखी एक विसरलेलं जळण. सॉ मिलच्या आसपासच्या घरांत भुशाची शेगडी असायची. पत्र्याचा डबा, खाली एक भोक. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून एक दांडका आडवा घालायचा आणि भोवती भुसा ठासून ठासून भरायचा. मग बाटली आणि दांडका हळूच फिरवून काढला की आत काटकोनी बोगदा तयार. खालून पेटवलं की बोगद्याच्या भिंती आतून जळत जातात, तास-दोन तास एका लयीत. भुसा सैल राहिला तर बोगदा ढासळतो आणि सगळं धुरकट होतं. भुसा प्लायवूडचा किंवा रंगवलेल्या लाकडाचा नको, ते पुढे सांगते.

कोळशाकडे येताना मला थोडं थांबायचंय, कारण इथे जीव जातात.

लाकडी कोळसा धूर करत नाही. त्यातले वायू भट्टीतच निघून गेलेले असतात. किलोमागे ७,००० किलोकॅलरी, लाकडाच्या जवळपास दुप्पट. पारंपरिक भट्टीत एक किलो कोळशासाठी पाच-सहा किलो लाकूड जातं, म्हणजे निम्म्याहून जास्त उष्णता रानातच वाया. म्हणून लाकूड जाळून कोळसा करणं मला पटत नाही. वाया जाणाऱ्या काडीकचऱ्याचा कोळसा करणं मात्र शहाणपणाचं. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, शेतात पेटवून दिल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करून त्याच्या कांड्या बनवण्याचं तंत्र बसवलं आणि त्यासाठी २००२ मध्ये त्यांना स्वच्छ ऊर्जेच्या कामासाठीचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला.

पण धूर नाही म्हणजे धोका नाही, असं कुणी समजू नये. निखारा जळताना कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत सगळं संपतं. दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या येतात. ‘बाहेर पेटवून, धूर संपल्यावर आत आणली’ हे मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलंय, जणू त्यामुळे शेगडी सुरक्षित झाली. नाही झाली. धूर संपल्यावरचा लालभडक निखाराच तर तो वायू सोडतो.

आणि आपल्याकडची बाळंतिणीची शेक-शेगडी. बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं, वर ओवा, बाळंतशोपा टाकून धुरी, वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद, फटींत चिंध्या. माझ्या आजीने प्रेमानेच हे केलं, तिच्या आईनेही. थंडी-वाऱ्यापासून ओल्या बाळंतिणीला जपायचं, ही भावना मी एका शब्दानेही खोटी ठरवणार नाही. पण त्या खोलीत दिवसाचे वीस तास असतात ती नुकतीच बाळंत झालेली, रक्त गेलेली बाई आणि दहा दिवसांचं बाळ. बाळाची फुप्फुसं एवढीशी, श्वास भराभर. आईला डोकं दुखतंय, सुस्ती येतेय, तर घरातल्यांना वाटतं बाळंतपणाचा थकवा आहे. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्या, दुपटी उन्हात किंवा इस्त्रीने ऊबदार करून घ्या, अंघोळीचं पाणी कढत ठेवा. ऊब तीच मिळते. निखारे मात्र त्या खोलीत नकोत, आणि बाळाच्या नाकाशी धुरी तर नकोच.

चंद्रपूर, वणी, घुग्घूसच्या खाणपट्ट्यात दगडी कोळशाची सिगडी असते. ती अंगणात धुपवून मग आत नेतात. दगडी कोळशात गंधक असतं, त्याचा धूर घसा कापतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने घरात जळणाऱ्या दगडी कोळशाचा धूर माणसाला निश्चित कर्करोग करणारा मानला आहे. लाकूड-शेणाच्या धुराला त्याखालच्या पायरीवर, ‘बहुधा करणारा’ अशा गटात ठेवलंय. दगडी कोळसा घरात जाळण्यासारखा नाही, एवढंच मी म्हणेन.

चुलीत काय घालू नये याची यादी खरं तर एका वाक्यात बसते: जे झाडाचं किंवा शेणाचं नाही ते नाही. चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी किंवा दुधाची रिकामी पिशवी चटकन पेटते म्हणून वापरतात, हे मी आमच्याही घरात पाहिलंय. पीव्हीसीचा पाइप, वायरचं आवरण, रेक्झिन जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू आणि डायॉक्सिनसारखी विषं निघतात. चपला, टायरचे तुकडेही तसेच. प्लायवूड आणि लॅमिनेटच्या तुकड्यांत डिंकाची रसायनं असतात, जुन्या रंगवलेल्या दार-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं, आणि वाळवी लागू नये म्हणून औषध दिलेल्या लाकडाची राखही विषारी. गावाकडे त्याच राखेने भांडी घासतात आणि तीच राख धान्यात मिसळतात, म्हणून हे जास्त गंभीर. पेटवणीला बाभळीची सुकी साल, नारळाची शेंडी, चिपाडाचा चुरा ठेवा. एक करवंटी फोडून ठेवली तर आठवडाभर पुरते.

धुरांड्याच्या चुलीबद्दल थोडक्यात. वर्ध्याच्या मगनवाडीतली मगन चूल असो की १९८३ मध्ये सरकारने सुरू केलेल्या कार्यक्रमातल्या निर्धूर चुली, धुरांडं धूर बाहेर नेतं, कमी करत नाही. ओलं लाकूड घातलं की धुरांड्याच्या आत डांबरासारखा थर बसतो, पाइप तुंबतो आणि धूर परत घरात. अशा कितीतरी चुली लोकांनी फोडून टाकल्या. लाकूड सुकं असेल आणि महिन्यातून एकदा पाइप झाडला तर तीच चूल चांगली चालते.

राहिला गॅस. ‘चुलीचं जळण फुकट, सिलिंडर महाग’ हे सगळीकडे ऐकू येतं, म्हणून हिशेब मांडते. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५६,००० किलोकॅलरी. शेगडीवर साठ टक्के धरले तरी ९४,००० भांड्यात. नीट वाळलेल्या लाकडात किलोमागे ३,६०० आणि साध्या चुलीत त्यातले बारा टक्के, म्हणजे ४३० भांड्यात. एका सिलिंडरची बरोबरी करायला सव्वादोनशे किलोच्या आसपास सुकं लाकूड लागतं. डोक्यावरची मोळी वीस-पंचवीस किलोची धरली तर नऊ-दहा मोळ्या. वखारीचा भाव लावून बघा. आणि रानातून आणत असाल तर नऊ-दहा सकाळच्या मजुरीचा भाव लावा, त्या बाईच्या. मग फुकट काय आहे ते ठरवा. लहान मुलं, दम्याचा माणूस किंवा गरोदर बाई ज्या घरात आहे तिथे रोजचा स्वयंपाक गॅसवर आणि चूल अंगणातल्या पाण्यापुरती, अशी वाटणी करा. आत्याकडे आता हेच झालंय. भाकरी तेवढी ती चुलीवरच करते, तिच्या म्हणण्याप्रमाणे गॅसवरची भाकरी पोटात राहत नाही.

लाकूड सुकलं की नाही यावर आमच्यात दर वर्षी वाद व्हायचा. आता साधी रीत बसवलीय. फोडलेल्या ढिगातले वेगवेगळ्या जागचे तीन ढलपे निवडायचे, दुकानातल्या काट्यावर तोलायचे आणि सालीवर खडूने वजन आणि तारीख लिहून परत ढिगात ठेवायचे. दर पंधरवड्याला पुन्हा तोलायचे. वजन उतरतंय तोवर पाणी निघतंय. दोन पंधरवडे आकडा तोच राहिला की ढीग आत घ्यायचा. आत्याने पडवीच्या खिळ्याला खडूची पिशवी टांगून ठेवलीय, आणि आता ती शेजारणींचे ढलपेही तोलून देते.